यादीतल्या तारखा

थोरली बहीण वारल्यावर तिच्या संगणकातली साधी टिपणं घरच्यांसाठी पुस्तिकेत मांडायचं काम धाकटीकडे आलं. अक्षरजुळणी हाच तिचा धंदा. थोरली आधी तारीख लिहायची, मग टिंब, मग एकच ओळ. शेवटच्या महिन्यात चारच ओळी होत्या आणि चारही धाकटीच्या येण्याच्या.

नमुन्याची पानं वाचून भाचीचा फोन आला. "मावशी, तू तीन तारखेपासून सहापर्यंत सलग आईजवळ होतीस? आणि मी सांगत सुटले होते, मावशीला कामातून डोकं वर काढायला फुरसत नाही म्हणून."

धाकटीने मूळ टिपण उघडलं. तिथे तीन, नऊ, अठरा, सत्तावीस होतं. ओळीच्या सुरुवातीला आकडा आणि टिंब दिसलं की पानं मांडणारा प्रोग्रॅम त्याला यादी समजतो आणि पहिल्या आकड्यापासून क्रमाने मोजत जातो; म्हणून छापील पानावर तीन, चार, पाच, सहा झालं होतं.

"ते प्रोग्रॅमने केलंय गं. मी महिन्यात चारदाच आले."

"राहू दे की तसंच," भाची म्हणाली. " कोण तपासायला बसलंय?"

फोन ठेवून धाकटीने प्रत्येक टिंबाआधी तिरकी रेघ घातली, म्हणजे प्रोग्रॅम त्या आकड्याला हात लावत नाही. तारखा पुन्हा लांब लांब गेल्या. नऊ आणि अठराच्या मध्ये थोरली कोणाशी बोलली असेल, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.