कोपरा फाडलेलं कार्ड

महाराष्ट्र होऊन सहा वर्षं झाली होती आणि पुंजाजी मास्तरांना पोस्ट सांभाळून सोळा. धामणगाव बढ्यापासून दोन कोसांवरचं हे गाव. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, तिथल्या माणसांना ते आवडणार नाही. पोस्ट म्हणजे मास्तरांच्या घराची ओसरी. तिच्यात एक लाकडी पेटी, शाईची गादी आणि तारखेचा पितळी शिक्का, एवढाच सरकारी पसारा. पेटीला कुलूप होतं. किल्ली त्या कुलपालाच लटकलेली असायची.

मास्तर माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तसं म्हणवणार नाही.

पाकीट त्यांनी जन्मात कुणाचं फोडलं नाही. कार्डाचा मात्र त्यांना मोह होता. डाकेची थैली आली की ओसरीवर पाच-सात रिकामटेकडी मंडळी जमायची आणि मास्तर चष्मा पुसून एकेक कार्ड खणखणीत आवाजात वाचायचे. कुणाची सून नांदायला येईना, कुणाच्या पोराला अकोल्यात खरूज झाली, सगळं आधी ओसरीला कळायचं आणि मग ज्याचं त्याला. कुणी हळूच नाराजी दाखवली तर मास्तर हसायचे. म्हणायचे, “कार्ड उघडंच असते बाप्पा. ज्याले लपवायचं हाय त्यानं पाकीट घ्यावं.” यावर ओसरीही हसायची.

गावातल्या निम्म्या बायाबापड्यांची पत्रं लिहायचेही मास्तरच. डाकवाला दुपारी थैली घेऊन निघायचा आणि ऐनवेळी गर्दी व्हायची, म्हणून त्यांनी एक सोय काढली होती. निवांत दिवशी ते आपल्या वळणदार अक्षरात दहा-बारा कार्डं अर्धी लिहून ठेवत. वर ‘अनेक आशीर्वाद, पत्र लिहिण्यास कारण की’, मधे कोरी जागा, खाली ‘दस्तुर पुंजाजी मास्तर’. बाई आली की नाव-पत्ता आणि दोन ओळी भरायच्या, झालं. गठ्ठा पेटीवरच पडलेला असे. त्यातून बैलगाडीवरून पडून मास्तरांचा उजवा खांदा धरला होता, त्यामुळे शिक्के मारायचं काम उत्तमराव पाटलांचा पंजाबराव करायचा. मॅट्रिकला दोनदा आपटलेला, पंचवीस वर्षांचा दांडगा गडी, दिवसभर ओसरीवरच लोळत असायचा. तो ठणाठण शिक्के मारायचा आणि मास्तर म्हणायचे, पोरगं कामाचं आहे.

त्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत कलाबाईच्या सहदेवचं कार्ड आलं. कलाबाई बौद्धवाड्यातली विधवा, दुसऱ्यांच्या शेतात वेचणी करून तिनं एकुलत्या पोराला मॅट्रिक केलेलं. तो अकोल्याला एका ओळखीच्याकडे राहून नोकरी शोधत होता. मास्तरांनी नेहमीसारखं कार्ड उचललं आणि कलाबाईला निरोप जायच्या आत ओसरीला वाचून दाखवलं. सरकारी कचेरीत कारकुनाची जागा मिळाली, येत्या मंगळवारी अकरा वाजता हजर व्हायचं, न गेल्यास जागा दुसऱ्याला जाईल, असं त्यात होतं.

कुणीतरी म्हणालं, “कलाबाईचा पोट्टा सायेब झाला म्हना की!” पंजाबरावानं शिक्का गादीवर दाबला आणि उरलेली कार्डं एकापाठोपाठ एक ठोकून काढली.

संध्याकाळी कलाबाई आली. ती ओसरीवर कधी चढत नसे, खाली दगडापाशी उभी राहून ऐके. चढू नकोस असं मास्तरांनी तिला कधी म्हटलं नव्हतं, आणि चढ असंही. तिनं कार्ड ऐकलं आणि पदर तोंडाशी धरून रडली. मास्तरांनाही भरून आलं. तिच्या आनंदात आपला वाटा आहे असं त्यांना मनापासून वाटलं.

मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला सहदेव गावात आला. मलकापूरला रात्री उतरून तो चालतच निघाला होता. चपलेचा अंगठा तुटलेला, डोळे सुजलेले, तोंडावर धूळ. तो सरळ घरी गेला आणि दाराशीच थिजला, कारण त्याची आई अंगणात चुलीला लाकडं घालत होती.

तासाभरानं तो मास्तरांच्या ओसरीसमोर उभा होता. मास्तर एकटेच होते.

“मास्तर, माय मेली म्हनून तुमी कार्ड धाडलं?”

“म्या? काय बोलून राह्यला बे?”

“कोपरा फाडेल कार्ड. काल दुपारी भेटलं. अक्षर तुमचं, शिक्का आपल्या गावचा.”

आपल्याकडे मौतीचं कार्ड कोपरा फाडून धाडतात. ते घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. कुणी दुसऱ्यांदा वाचत नाही, कुणी उलटसुलट करून पाहत नाही. माणूस सरळ गाडी धरतो.

“कुठं हाय ते कार्ड? दाखव.”

“फाडलं. ठेवते का कोनी असं कार्ड?” सहदेव खालच्या दगडावर टेकला. “रस्त्यानं चालता चालता ध्यानात आलं मास्तर. वर अनेक आशीर्वाद होता अन् खाली माय मेली होती. मौतीच्या कार्डात कोनी आशीर्वाद लिवते का? म्या एवढा शिकेल मानूस, मले वाचता आलं नाही.”

मास्तरांनी पेटीवरचा गठ्ठा उचलून पाहिला. गेल्या आठवड्यात बारा कार्डं लिहिली होती. नऊ त्यांच्याच हातानं गेली होती. गठ्ठ्यात दोन होती.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजायला आले होते. सहदेवनं एकदा तिकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पंजाबरावाला विचारायला फार कष्ट पडले नाहीत. तो दुपारी आला तेव्हा मास्तरांनी त्याला आत घेतलं. तो आधी हसला आणि मग म्हणाला, “मस्करी केली मास्तर. मले वाटलं, तो येईन, मायले पाहीन अन् वापस जाईन. नोकरी जाईन असं कोनाले ठावं?”

“तुले ठावं होतं. म्या याच ओसरीत वाचलं होतं.”

“मंग तुमी काऊन वाचलं?” पंजाबराव म्हणाला.

सहदेव दुसऱ्या दिवशी अकोल्याला परतला. चार दिवसांनी त्याचं पाकीट आलं, मास्तरांच्याच नावे. कचेरीतला साहेब भला माणूस होता. त्यानं म्हटलं होतं, गावच्या पोस्टमास्तरचं लेखी आण, की कार्ड खोटं होतं आणि शिक्का परक्या हातात गेला होता. महिनाअखेरपर्यंत ते थेट कचेरीत आलं तर तुझा विचार करतो, तोवर जागा भरत नाही. सहदेवनं खाली लिहिलं होतं, ‘मास्तर, तुमच्या एका कागदावर माझं सगळं आहे. आईलाही तसं सांगा.’

कागद एकच होता, पण तो लिहायचा म्हणजे काय, हे मास्तरांना पुरतं कळत होतं. कुलपाला किल्ली लटकलेली असते, शिक्का पाटलाचं पोरगं मारतं, अर्धी कार्डं उघड्यावर पडलेली असतात, हे स्वतःच्या हातानं सरकारला कळवायचं. मग तपासणी येणार आणि पोस्ट जाणार. सोळा वर्षं गाव आपल्याला मास्तर म्हणतं ते या पेटीमुळे. ती उचलून नेली की आपण खांदा धरलेले एक म्हातारे शेतकरी, बाकी कुणी नाही.

त्याच संध्याकाळी उत्तमराव पाटील येऊन गेले. ते ओरडले नाहीत. सुपारी कातरत कातरत म्हणाले, “मास्तर, पोट्ट्याच्या हातून चूक झाली. पन अक्षर तुमचं, शिक्का तुमचा, खाली दस्तुर तुमचं. पंजाबचं नाव कुठं येते त्यात? तुमीच इचार करा.” आणि सुपारीची फोड मास्तरांच्या हातावर ठेवून निघून गेले.

मास्तरांनी विचार केला. आठ दिवस विचारच केला. खरं तर विचार पहिल्याच रात्री संपला होता. नंतरचे दिवस त्यांनी स्वतःला चांगला माणूस ठरवण्यात घालवले.

महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा कलाबाई आली. तिचा धीर सुटला होता.

“मास्तर, कागद धाडला का हो?”

“आज लिवतो. तुह्यासमोरच लिवतो.”

ती खाली दगडापाशी बसली. मास्तरांनी सरकारी कागद पुढे ओढला. ती खालून एकेक गोष्ट सांगत गेली, “लिवा, कार्ड खोटं होतं. लिवा, शिक्का तुमच्या हातात नोयता. लिवा, पोराचा काही गुना नाही.” मास्तर मान हलवत लिहीत होते. लेखणी कागदावरून सरळ चालली होती, कुठंही अडली नाही. त्यांनी लिहिलं, ‘सदर कार्डाबाबत या पोस्टास काही माहिती नाही. कार्ड हजर केलेले नाही. शिक्का सदैव माझ्याच ताब्यात असतो. सदर इसम आईस भेटण्यास गावी आला होता, असे समजते.’

मग त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि वाचून दाखवला. कार्ड खोटं होतं. शिक्का माझ्या हातात नव्हता. मुलाचा काही गुन्हा नाही. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. पंजाबरावानं निदान कोपरा फाडून खोटं धाडलं होतं. मास्तरांनी ते बाईच्या तोंडावर, दिवसाउजेडी वाचलं.

कलाबाईचे डोळे भरून आले. “माया अंगठा घ्या खाली,” ती म्हणाली. “मंजे मी जित्ती हाय, हे सायबाले कयन.”

“अंगठ्याची गरज नाही.”

“घ्या ना मास्तर. पोराच्या कामाले आपलाबी हात लागू द्या.”

नाही म्हणायला कारण सापडेना. मास्तर शाईची गादी घेऊन पायरी उतरले. कामानं चिरा पडलेला तो अंगठा त्यांनी गादीवर टेकवला आणि त्या चार ओळींखाली उमटवला. ती तिथूनच वाकून त्यांच्या पाया पडली. मास्तरांनी पाय मागे घेतले नाहीत, घ्यायला हवे होते.

सहदेवचं कार्ड आलं ते पुढच्या महिन्याच्या आठ तारखेला. ओसरी भरलेली होती, पण मास्तरांनी ते वाचलं नाही. सगळ्यांना काहीतरी सांगून उठवलं आणि एकटे बसले. कार्ड कलाबाईच्या नावे होतं, मजकूर मात्र त्यांच्यासाठी होता.

‘साहेबांनी मला पोस्टमास्तरांचा कागद दाखवला. खाली आईचा अंगठा आहे. तिला काय वाचून दाखवलं असेल ते मला कळलं. जागा गेली. मी मुंबईकडे कामाला जातो, पत्ता कळवणार नाही, कारण पत्ता गावभर होतो. हे कार्ड मास्तरच वाचतील. आईला काय सांगायचं ते आता त्यांनीच ठरवावं.’

कार्ड फाडून टाकावं असं मास्तरांना एकदा वाटलं. पण डाकवाला वाटेत कलाबाईला सांगून गेला होता, आणि ती समोरून येतच होती, हातातली वेचणीची झोळी तशीच घेऊन.

“काय लिवते माया सहदेव?”

मास्तरांनी चष्मा लावला. “मी खुशाल आहे. काळजी करू नये. साहेबांनी दुसरी जागा बघतो म्हटलं आहे. सणाला येईन. तब्येतीला जप.”

कलाबाई ऐकत होती. डोळे मिटून, ओठ हलवत. ऐकलेलं ती तिथल्या तिथं पाठ करायची, मग शेतात वाकल्या वाकल्या दिवसभर मनात म्हणायची. लिहिता-वाचता येत नसलेल्या माणसाला कार्ड जपून ठेवायची दुसरी जागा नसते.

“अजून एक डाव वाचा,” ती म्हणाली.

मास्तरांनी कार्ड पुन्हा डोळ्यांसमोर धरलं. “मी खुशाल आहे. साहेबांनी... साहेब भले आहेत. दुसरी जागा मिळेल. काळजी करू नये. दिवाळीला येईन.”

तिनं डोळे उघडले. “मंघाशी सण म्हनले होते.”

“दिवाळी मंजे सणच ना.”

“तब्येतीचं राह्यलं.”

मास्तर कार्डाकडे पाहत राहिले. अक्षरं जागच्या जागीच होती, त्यांच्या उपयोगाचं त्यात एकही नव्हतं. कलाबाईनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती दगड ओलांडून पुढे आली आणि एक पाय, दुसरा पाय, ओसरीवर चढली. तिनं हात पुढे केला.

“द्या ते कार्ड.”

“तुले वाचता येते का?”

“नाही येत,” ती म्हणाली. “बढ्यात कोनीतरी असंन वाचनारं.”

तिनं कार्ड त्यांच्या बोटांतून काढून घेतलं, झोळीत ठेवलं आणि पायरी उतरली. धामणगाव बढ्याचा रस्ता मास्तरांच्या ओसरीवरून सरळ दिसतो. ती मागे न पाहता चालत होती, भरभर, उन्हातून. दोन कोस म्हणजे तिला दीड तास. मास्तर पेटीजवळ बसून राहिले, आणि ती दिसेनाशी झाली तरी त्यांनी नजर रस्त्यावरून काढली नाही.