मडक्यातला काळा डाग

"पाणी मी पाजलं म्हणून पोर आजारी पडली, असंच म्हणायचंय ना तुला?" शेजारच्या घरातल्या दोघी जावांपैकी थोरलीने हातातली काथ्याची घासणी भिरकावली, ती येऊन पडली आमच्या दारात.

धाकटी भिंतीला टेकून बसलेली. मांडीवर तिची वर्षभराची पोर, डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. पुन्हा जुलाब लागले होते. उकळलेल्या पाण्यात साखर-मीठ कालवून ती चमच्याने पाजत होती.

थोरलीला मूलबाळ नाही. ही पोर म्हणजे तिचा जीव की प्राण. पिण्याच्या पाण्याला ती दुसऱ्या कुणाला शिवू द्यायची नाही. गावच्या कुंभाराने मातीत भुसा मिसळून भाजलेली गाळणीची मडकी घरोघर दिली होती. मडकं बादलीत बसवायचं, वरून विहिरीचं पाणी ओतायचं, खाली झिरपेल ते प्यायचं. बाकीच्यांची पोरं ठणठणीत, आणि गावातल्या सगळ्यात लख्ख घरातली ही अंथरुणाला खिळलेली. मला एका जागी बसवेना. उठले आणि कुंभाराला ओढून आणलं.

त्याने मडक्यात डोकावून कपाळाला हात लावला. "वहिनी, आतला काळा डाग कुठं गेला?"

"घासला की! रोज राखेने घासते. मेला केवढा चिवट होता!"

"अहो, ती चांदी होती!"

"चांदी? आणि काळी?"

"डोळ्याला दिसणार नाहीत इतक्या बारीक कणांची, म्हणून काळी दिसते. पाण्यात कालवून ब्रशने लावलेली. जंतू तिला टेकला की त्याचं कातडं फाटतं, आतलं सगळं बिघडतं, त्याची पिलावळ वाढत नाही. माती मोठी घाण अडवते, पण बारीक जंतू निसटले तर चांदीच त्यांना मारते. म्हणून सांगितलं होतं, नुसतं विसळा."

"मला वाटलं, तू आळशी, म्हणून तसं सांगतोस," थोरली पुटपुटली आणि खाली बसली. पोरीकडे बघायचा तिला धीर होईना. मला तिची फार कीव आली.

धाकटी उठली. पोर थोरलीच्या मांडीवर ठेवली, चमचा तिच्या हातात दिला. "तुमच्याच हातून पिते ती. पाजा."

पोर सावरली, अंगणभर रांगायला लागली. नवं मडकं आलं. थोरलीचे हात मात्र स्वस्थ बसेनात. घासणी घेऊन मडक्यापर्यंत जाते, तशीच मागे फिरते. त्या भरात उंबरा घासून झाला, माझी भांडीसुद्धा घासून झाली.

काल एक बाई पाणी प्यायला आली. मडक्यात डोकावून तिने नाक मुरडलं. "तुझ्या घरात, आणि असला डाग?"

"असू दे," थोरली म्हणाली. "त्या डागानेच आमची पोर उभी केलीय."

आणि बाईच्या हातातला पेला काढून घेऊन ती तोच घासायला बसली.