एका माळेच्या शेंगा

महेश्वरीनं कढईत सोललेल्या शेंगा ओतल्या आणि देव्हाऱ्यातली मंत्राची पेटी खटकन बंद केली. तीन महिने ती पेटी सकाळपासून 'श्री स्वामी समर्थ' म्हणत होती. आज महेश्वरीला स्वतः मोजायचं होतं.

"बंद का केली गं?" बाहेरच्या खोलीतून तिच्या नवऱ्यानं, नंदीशनं विचारलं. "अव्वाच्या कानावर पडू दे की."

"मोजताना घोटाळा होतोय ओ. दोन गुरुवार शेंगा बिघडल्या माज्या."

स्वयंपाकघराच्या दाराशीच सासूबाईंची, काशम्मांची लोखंडी खाट होती. नंदीश त्यांना अव्वा म्हणायचा, महेश्वरी अत्ती. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तीन महिन्यांपूर्वी एका गुरुवारी दुपारी झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. हात थोडा थोडा हलायला लागला, वाचा काही परत आली नाही. दवाखान्यातल्या बाईंनी चित्रांचे पत्ते दिले होते. नंदीश रोज संध्याकाळी खाटेवर बसून ते दाखवायचा, "अव्वा, म्हण, कप. म्हण, गाय." साठी ओलांडलेल्या बाईला गाय! शेजारणी येऊन सांगायच्या, "काकू, दुसरं काय नको, नुसतं स्वामींचं नाव घ्या." चाळीस वर्षं ज्या तोंडात ते नाव होतं, ते तोंड काशम्मा घट्ट मिटून घ्यायच्या. बघणाऱ्यांना वाटायचं, म्हातारी देवावर रुसली.

महेश्वरीला वाटायचं, त्या आपल्यावरच रुसल्यात, पण ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

दर गुरुवारी गल्लीतून अक्कलकोटला निघालेल्यांच्या हाती भाकरी आणि शेंगाची चटणी द्यायची, ही काशम्मांची जुनी रीत. शेंगा त्या घड्याळावर नाही, जपावर भाजायच्या. मंद आचेवर एक माळ झाली की कढई खाली. झटका आला त्या गुरुवारी सकाळी उशीर होतोय म्हणून महेश्वरी मधेच गॅस मोठा करायला गेली, तशा त्या फटकन म्हणाल्या, "तुला कसली गं एवढी घाई?"

एवढंच. पण महेश्वरीनं गाल फुगवले. दुपारपर्यंत अबोला धरला, जेवायचं ताटसुद्धा न बोलता पुढं सरकवलं. आणि ताटावरून उठतानाच काशम्मा कोसळल्या. त्यांचं शेवटचं बोलणं आपल्याशी होतं आणि आपण त्याला उत्तर दिलं नाही, हे तिला तेव्हापासून सलत होतं. अन्न गोड लागत नव्हतं.

तिनं डाव्या हातात माळ घेतली, उजव्या हातात उलथनं.

"श्री स्वामी समर्थ, जय जय स्वामी समर्थ. श्री स्वामी समर्थ, जय जय..."

मणी भराभर सरकत होते. शेजारची मायाक्का आता डबा न्यायला येणार, तिची गाडी चुकायला नको. माळ संपली. महेश्वरीनं गॅस बंद करून एक दाणा चोळला, फुंकर मारून तोंडात टाकला.

"अगं बाई! परत कच्च्याच!" ती स्वतःशीच वैतागली. "एकशे आठ पुरं झालं की. मग चुकतंय कुटं?"

तिनं गॅस पुन्हा पेटवला आणि चिडून आणखी भरभर जप सुरू केला.

टक्.

खाटेकडून आवाज आला. काशम्मांनी कूस बदलली होती. डाव्या हातातली बांगडी त्यांनी खाटेच्या लोखंडावर आपटली होती. कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

टक्.

दोन आवाजांच्या मधे महेश्वरीची दोन नामं होऊन गेली होती. ती थबकली. मग माळ बाजूला ठेवून पुढच्या आवाजाला तिनं उलथनं फिरवलं, कढईच्या कडेकडेनं, पूर्ण एक फेरा. फेरा पुरा होईपर्यंत नाम लांबवलं.

"श्री..."

"...स्वामी... समर्थ."

आवाज चिरका होता, तिचा नव्हता. महेश्वरीला वळून बघावंसं वाटलं, पण तिनं बघितलं नाही. उलथनं फिरवत राहिली. एक फेरा, एक नाम. मागून दरवेळी ते चिरकं, ओढलेलं नाव येत होतं. नंदीश पत्ते हातात घेऊन दारात आला.

"अव्वा..."

महेश्वरीनं डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. शेंगांचा खमंग वास सुटायला लागला होता.

"महेश्वरी, झालं का गं?" बाहेरून मायाक्काची हाक आली. "गाडी जाईल की माजी!"

सवयीनं महेश्वरीचा हात गॅस मोठा करायला गेला.

"क...कसली," मागून आवाज आला. तो जप नव्हता. "कसली गं... घाई?"

हात तिथंच राहिला. महेश्वरीला कढई दिसेना, सगळं पाण्यानं धूसर झालं. पदरानं डोळे पुसत ती खाटेकडे वळली.

"न्हाय अत्ती," ती म्हणाली. "घाई न्हाय. अजिबात घाई न्हाय."

मग रस्त्याकडे तोंड करून तिनं मोठ्यानं सांगितलं, "मायाक्का, तुमी पुढच्या गाडीनं जावा. अजून अर्धी माळ हाय!"