म्हातारा गुरू पुढं दिसतच नाही

बाईमाणसाच्या अकलेची खरी वाढ कशी होते, ते या पृथ्वीतलावर फक्त जपानी कार्टूनवाल्यांना कळलंय, असा निर्वाळा केरबाभाऊंनी वलवण धरणाच्या कडेला बसून दिला. ऐकायला एकटा गेणू होता, आणि त्याच्या कानातलं यंत्र त्या दिवशी दुरुस्तीला गेलं होतं.

रेल्वेतून निवृत्त झालेल्या भाऊंचा अभ्यास एका मालिकेपुरता होता. नात मानसी नोकरीला हैदराबादला गेली, तेव्हा घरच्या टीव्हीवर आपलं खातं तसंच ठेवून गेली. ती तिकडं जे बघे, त्याच्या चित्राखालची तांबडी रेघ इकडं पुढं सरके. रेघ हलली म्हणजे पोरगी बरी आहे, असं भाऊ धरून चालत. बायको चिमाबाई वारल्यापासून घरात दुसरं काही हलत नव्हतं.

जादूगारणीच्या जपानी मालिकेची रेघ मात्र पहिल्याच भागात अडकलेली. ती भाऊंनी पुढं ओढायला घेतली. त्यातली जादूगारीण पोरगी हुशार. तलवारवाले हात टेकतात तिथं ही नुसता वाऱ्याचा वास घेऊन वाट काढते. चुकते, रडते, आणि माणसांतलं तिला हळूहळू जास्त कळायला लागतं. भाऊंना हे सगळं पटलं. खटकलं ते एवढंच, की सुरुवातीला ती म्हाताऱ्या गुरूचा निरोप घेते, तो झोपडीच्या दारात उभा राहतो, आणि पुढं दिसतच नाही. तो जेवला का, त्याला सरपण कोण आणून देतं, कुणी विचारत नाही. एवढ्या अकलेच्या पोरीला हे कधीतरी सुचेलच, म्हणून भाऊ रोज पुढचा भाग लावत.

रविवारी मानसीचा फोन आला. सुट्टीला येतेस का, हे विचारायचं भाऊंनी घोकून ठेवलं होतं. तोंडून निघालं भलतंच.

"ती पोरगी त्या म्हाताऱ्याकडं परत जाती का गं?"

कुठली पोरगी, हे मानसीला आधी उमगेना. मग ती हसली, आणि हसणं मधेच थांबलं.

"मी पुढं बघितलंच नाही, आबा. तो दारात उभा राहतो ना, तिथंच बंद केलं. बघवेना."

"बरा असंल तो," भाऊ म्हणाले. "लय काटक हाय."

"आणि जेवायचं?"

"करतो की आपलं आपण."

मग मानसी म्हणाली, "आबा, एक ऐकाल का माझं?"

भाऊ सावरून बसले.

"टीव्हीवर माझ्या खात्यात तुमचं वेगळं नाव घालून बघा ना. मला हल्ली सारख्या जादूगारणीच सुचवतंय."