बहात्तरपट हळद

ठाकुर्लीच्या नयन भोईरने प्लास्टिकचे रणगाडे जोडण्याच्या छंदात नऊ वर्षं काढली होती, आणि त्यातली साडेआठ दुसऱ्यांच्या चुका काढण्यात. छंदिष्टांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी फोटो टाकला की याचा पहिला मेसेज, ‘मागचं चाक अर्धा मिलिमीटर मोठं वाटतंय.’ ग्रुपमधल्या विकीने तीन महिने राबून चिलखती गाडी केली, तर याने फोटोवरून तिचे रिव्हेट मोजले आणि दोन कमी असल्याचं जाहीर केलं. स्वतःच्या कपाटातल्या न उघडलेल्या एक्केचाळीस खोक्यांविषयी मात्र नयनशेठ बोलत नसत.

शेवटी विकीनेच सगळ्यांदेखत लिहिलं, ‘दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठाण्यात प्रदर्शन आहे. तुमचा एक तरी रणगाडा आणा. चूक निघाली, तर यापुढे ग्रुपवर गप बसायचं.’

गप बसण्यापेक्षा काम करणं परवडलं. नयनने कपाटातून टी-९० रणगाडा काढला. खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचा, तळहातावर मावणारा. चिमट्याने साखळीपट्टे चिकटवले, वाळवंटातली धूळ म्हणून तपकिरी पूड फुंकली, आणि दसऱ्याच्या सकाळी तो ओटीवर सुकत ठेवून आंघोळीला गेला.

परत येतो तर आईने, कमळाबाईंनी, दारातल्या गाड्या पुजून टाकलेल्या. डंपर, जेसीबी, बुलेट, सुनेची स्कूटी. आणि रांगेत शेवटी रणगाडा. तोफेवर झेंडूची पाकळी, वरच्या घुमटावर बोटाने ओढलेला हळदीचा पट्टा, त्यावर कुंकू.

“आई, हे काय केलंस!”

“गारी हाय नं? मंग गारीला दसऱ्याची हलद नको? तुज्या बापाच्या सायकललापन लावाची मी.”

कापसाने पुसून पाहिलं. धूळ निघाली, हळद नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात त्याने रणगाडा तसाच मांडला आणि चेहरा विद्वानासारखा करून सांगितलं, “शस्त्रपूजनानंतरचा आहे.” टेबलाभोवती हीऽ गर्दी! “काय अभ्यास आहे राव,” कुणीतरी म्हणालं. विकीने भिंग लावून दहा मिनिटं रणगाडा न्याहाळला आणि हात जोडले.

“मानलं, नयनशेठ. एक चूक सापडत नाही.”

इथे हसून चहा प्यायला जायचं होतं. पण ‘चूक सापडत नाही’ हे वाक्य नयनला सहनच होत नसे.

“नीट बघितलंस का रे?” त्याने खिशातून व्हर्नियर काढला. “पट्टा तेरा मिलिमीटर. गुणिले बहात्तर. तीन फूट रुंद बोट कुणाचं असतं?”

“कुणाचं आहे?” विकीने विचारलं.

“आईचं,” नयन बोलून गेला.

टेबलाभोवती हशा पिकला. “म्हणजे चूक निघाली! आता ग्रुपवर गप,” म्हणत विकीने मोबाइलवर हिशेब मांडला. “काकू पाच फुटांच्या धरल्या, तर तीनशे साठ फूट—”

नयनने ओठ घट्ट मिटले. जेमतेम पाच सेकंद.

“चार फूट अकरा इंच,” तो म्हणाला. “तीनशे चोपन्न.”