दोन्ही डोळ्यांत

दमनहूरच्या सरकारी दवाखान्यात, मुलांच्या अतिदक्षता विभागाबाहेर सबरीन सकाळपासून काचेला नाक लावून उभी होती. आत तिची पाच वर्षांची रुकय्या. तापात झटके आले, शुद्ध हरपली, आता श्वास यंत्रावर. अलेक्झांड्रियाच्या मोठ्या दवाखान्यात आज एकच खाट रिकामी होती आणि जिथे आशा जास्त, त्या मुलाला ती मिळणार होती.

डॉक्टर हातेम कागद घेऊन बाहेर आले. "धोक्याचा आकडा काढलाय. रुकय्याचा एकोणऐंशी."

"अल्लाची कृपा! पास झाली माझी नात!" सबरीनची सासू, हज्जा तफीदा, दोन्ही हात वर करून म्हणाली.

"मार्क नाहीत हो ते, हज्जा! अशी शंभर मुलं असली तर एकोणऐंशी हातची जातात."

हज्जा मटकन खालीच बसली.

"दोन नंबरच्या खाटेवरच्या मुलाचा चौतीस आहे. अलेक्झांड्रियाची जागा त्याला देतोय," डॉक्टर खाली बघत म्हणाले. दोन नंबरची आई नेअमत शेजारीच होती. सकाळी तिनं आपल्यातली अर्धी भाकर सबरीनला खाऊ घातली होती. आता ती मान वर न करता गाठोडं बांधायला लागली.

"पण एवढा कसा आला?" सबरीननं विचारलं.

"डोळ्यांच्या बाहुल्या. दोन्ही विस्फारल्यात, उजेड टाकला तरी हलत नाहीत. मेंदूला इजा झाली की असं होतं."

सबरीननं हातातली पिशवी छातीशी धरली. पोरगी थोडी चकणी बघायची. "घराबाहेर शब्द काढशील तर बघ, लग्न कोण करील हिच्याशी?" असा हज्जाचा दम. म्हणून चोरून नेलं होतं डोळ्यांच्या डॉक्टरकडे, आणि त्यांनी दिलेले थेंब तीन दिवस चोरूनच घातले होते. 'काही औषध दिलंय का?' असं सकाळी डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा हज्जानं परस्पर 'छे छे' म्हणून टाकलं. थोरल्यांपुढे सुनेनं तोंड उघडायचं नाही. पण खरं सांगायचं तर सबरीन भ्यालीही होती. त्या थेंबांनीच पोरगी आजारी पडली असेल तर?

आता बोलावं तर पोरीला विष घातलं म्हणतील. न बोलावं तर पोरगीच जाईल. जळो ती भीती! तिनं पिशवीतून बाटली काढून डॉक्टरांपुढे धरली. "हे घालत होते. तिरळेपणासाठी."

डॉक्टरांनी नाव वाचलं. "दोन्ही डोळ्यांत?"

"दोन्ही."

"अहो बाई, आणि हे आत्ता सांगताय? यानं बाहुल्या आठवडाभर विस्फारलेल्या राहतात!" त्यांनी कपाळावर हात मारला. "ताप यानं नाही आला, पण आकडा चुकला ना माझा!" तिथंच उभ्यानं बाहुल्यांचा रकाना खोडून त्यांनी पुन्हा हिशेब केला. "आठ. शंभरात आठ."

हज्जा रडत उठली. "चकणी तर चकणी, अगं, जगू दे तिला!"

डॉक्टर नेअमतकडे वळले. "तुम्ही थांबा जरा. गाडी रुकय्याला नेईल."

रुकय्याची खाट ढकलत बाहेर आणली. सबरीन मागोमाग धावणार, तोच नेअमतनं तिचा दंड घट्ट धरला.

"काय सांगितलंस गं त्यांना?" तिनं विचारलं. "मलाही सांग ना. मीपण तेच सांगते."