बाकाखालचा चिमटा

माझ्या दादाला शेगडीत का टाकलं?

हे मी सगळ्यांना विचारलं. ज्याने टाकलं त्या फोल्कर्टला विचारलं, त्याची बायको इम्के हिला विचारलं, पिशवीतल्या बाकीच्या चिमट्यांना विचारलं. माणसांना माझं ऐकू जात नाही, आणि चिमटे तोंड उघडतात ते फक्त कपडे धरायला.

मी कपडे वाळत घालायचा चिमटा बोलतोय. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा, दोन पायांचा, मध्ये एक स्प्रिंग. शिक्षण विचाराल तर दोनच धडे: धर आणि सोड. 'धर' मला छान जमतं. 'सोड' शिकवायच्या आधीच गुरुजी गेले. गुरुजी म्हणजे दादाच.

आम्ही दोघे एकाच फळीतून कापलेले. करवतीखाली तो आधी गेला, म्हणून तो थोरला. दोघेही फोल्कर्टच्या घरगाडीत नोकरीला लागलो. घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर. आत बिछाना, चूल, फ्रीज, संडास, सगळं हाताच्या अंतरावर. संडासात बसून चुलीवरचं दूध उतू जाताना बघता येतं, अशी सोय. मी दोरीवर कपडे धरायचो. दादाचं काम मात्र मोठं होतं.

बसायच्या बाकाखाली पाणी तापवायचा बंब आहे. बंबाला एक बटण. ते वर ओढलं की पाणी आत राहतं. गारठा फार वाढला की बटण आपोआप खाली पडतं आणि बंबातलं सगळं पाणी गाडीखाली सांडतं. कारण पाणी आत गोठलं तर बंब फाटतो. बटण हुशार आहे, पण फोल्कर्टचं आणि त्याचं कधी पटलं नाही. डोंगरात थंड सकाळी याला अंघोळीला गरम पाणी हवं, आणि बटण नेमकं तेव्हाच पडायचं. मग फोल्कर्ट बाकाखाली डोकं घालायचा, बटणाच्या आईपासून पणजीपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचा, ते वर ओढायचा आणि त्याच्या मानेला चिमटा लावायचा. आता पडून दाखव म्हणावं! तो चिमटा म्हणजे माझा दादा.

गेल्या वर्षी मे महिन्यात दादाचा एक पाय चिरला. फोल्कर्टने त्याला उजेडात धरून पाहिलं, "गेला," म्हणाला आणि शेगडीत टाकला. त्याच्यावर सॉसेज भाजली. "आज जाळ छान लागलाय हं," असं इम्के म्हणाली. दोघांनी मोहरी लावून, बोटं चाटत खाल्ली.

मी समोरच्या दोरीवर होतो. सख्ख्या भावाची चिता पेटली होती आणि मी फोल्कर्टची चड्डी धरून उभा होतो. सोडताही येईना.

पुढे दादाच्या जागी मला नेमलं. ऑक्टोबरात हार्झच्या डोंगरात एका गारठलेल्या सकाळी फोल्कर्टने मला बटणाच्या मानेला लावलं आणि म्हणाला, "घट्ट धर रे." मी धरलं. मनात म्हटलं, थांब, तुला एकदा दाखवतोच.

दाखवायचं राहून गेलं. घरी परतल्यावर आठवड्याभरात फोल्कर्ट कुंपण छाटता छाटता खाली बसला आणि उठलाच नाही. आता रागवायचं कोणावर? मी मेलेल्यावरच रागावलो. पण त्यात काही मजा येईना.

आणि बटणाच्या मानेवरून मला काढायचं कोणाला सुचलं नाही. हिवाळ्याआधी गाडी आवरताना फोल्कर्ट स्वतः काढायचा.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा गाडीचं दार उघडलं. इम्के होती आणि मागे ओन्नो. ओन्नो म्हणजे फोल्कर्टचा धाकटा भाऊ. दुधाचा टँकर चालवतो. पायात फोल्कर्टचेच बूट, दोन मापं मोठे.

"वहिनी, हिवाळ्याआधीचं सगळं आवरणं मी करतो. तू फक्त बस."

"तू? मागे तू माझा नळ दुरुस्त केलास, तेव्हा शेजारी बादल्या घेऊन धावले होते."

"नळ म्हातारा होता."

"मी पण आहे. मला हात लावू नकोस."

मग ती हसायची थांबली. "ऐक, ओन्नो. हे दार मी आता एकदम वसंतात उघडणार. आत बुरशी, उंदीर, काही फुटलेलं दिसलं, तर तसंच लावीन आणि भंगारवाल्याला फोन करीन. त्याची गाडी कुजताना मला बघायची नाही."

"आणि सगळं ठीक असलं तर?"

"तर त्याने ठरवलेली डेन्मार्कची सहल करू. गाडी तू चालव."

ओन्नोने तिचा हात इतका जोरात दाबला की ती ओरडली.

मी बाकाखाली खूश झालो. कारण एक गोष्ट मला माहीत होती आणि त्या दोघांना नव्हती. बंब काठोकाठ भरलेला होता. मी नुसतं घट्ट धरून बसायचं. बाकीचं थंडी करील. बंब फाटेल, गाडी भंगारात जाईल, दादाचा हिशेब चुकता.

ओन्नो कामाला लागला. कामाला लागला म्हणजे गाडीवर तुटून पडला. कपाटातलं पीठ, साखर, रस्क, चहाची पुडी बाहेर काढली; नाहीतर उंदरांची पंगत बसते. पाण्याच्या टाकीचं बूच उपटलं. नळ उघडे केले, आणि नळीत उरलेलं पाणी निघावं म्हणून एका नळाला तोंड लावून जोरात फुंकलं. पाणी दुसऱ्या नळातून निघालं. तिथे इम्केचं तोंड होतं.

"माझी अंघोळ झाली आहे रे, गाढवा!"

संडासाची पेटी रिकामी करायला नेली, तर अर्धी बुटावर सांडली. "दादाचे बूट!" म्हणून तो कळवळला. "वास येईना का," इम्के म्हणाली, "त्यालाही यायचा."

फ्रीज पुसला. कपाटांची दारं उघडी ठेवली. हवेतली ओल ओढून घ्यायला मिठाचे खडे घातलेलं भांडं मध्ये मांडलं. मग त्याने विचारलं, "दादा बाकाखाली डोकं घालून काय करायचा गं?"

"शिव्या द्यायचा."

"कोणाला?"

"विचारलं नाही. मला वाटायचं, मला."

"मग ते पण करायला हवं," ओन्नो म्हणाला. त्याने बाकाची फळी उचलली, डोकं आत घातलं आणि मनापासून चार शिव्या हासडल्या. शिव्या नेमक्या माझ्या तोंडावर. तेवढ्यात त्याला मी दिसलो.

"वहिनी, इथे एक चिमटा आहे."

"कपड्यांचा? तिथे कशाला?"

त्याने बोट पुढे केलं. आता काढतो, असं मला वाटलं. बोट माझ्यापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. "दादाने लावलाय," तो हळूच म्हणाला. "असेल काहीतरी कारण. हात नको लावायला." आणि देवाला झाकावं तशी त्याने फळी हलकेच झाकली.

मला हसावं की काय करावं कळेना.

इम्के चहा ठेवायला घरात गेली. ओन्नो एकटा राहिला. शेवटचं काम गाद्यांचं: त्या उभ्या करून ठेवायच्या, म्हणजे मागे हवा खेळते, बुरशी धरत नाही. त्याने माझ्या डोक्यावरची गादी उचलली आणि खाली फोल्कर्टची लोकरी टोपी सापडली. मग धप्प. तो गादीला बुक्क्या मारत होता.

"शिकवतो शिकवतो म्हणायचास! पुढच्या वर्षी शिकवतो! मला काय येतं, दादा? मला काही तरी येतं का?"

गादी काय सांगणार? पण त्या बुक्क्या फळीतून माझ्यापर्यंत येत होत्या. एकेका बुक्कीला माझी स्प्रिंग थरथरत होती. यालाही 'सोड' शिकवायच्या आधीच गुरुजी गेले होते.

त्यानंतर ओन्नो रोज यायचा. निमित्त मिठाच्या भांड्याचं. ओल किती साठली ते बघायचा, आणि मग टोपी घालून नुसता बसून राहायचा.

डिसेंबरातल्या एका रविवारी भर दुपारीही गवत गोठलेल्या दवाने पांढरं होतं. इम्के चहाची किटली घेऊन गाडीतच आली. "आपल्याकडे तीन कप घेतल्याशिवाय उठायचं नसतं अशी रीत, आणि घरात तू एका कपात पळतोस. घे, इथे पी." कपातल्या खडीसाखरेवर गरम चहा पडला आणि ती तडतडली. दोघांच्या तोंडातून वाफा निघत होत्या.

बाकाखाली बटण माझ्यावर जोर करू लागलं. त्याला खाली पडायचं होतं. बंबाचा पत्रा बर्फासारखा गार झाला होता. आणखी थोडं धरलं की माझं काम फत्ते.

वर ओन्नो म्हणाला, "वहिनी, मी एवढी एक गोष्ट नीट केली, हो ना?"

"केलीस," इम्के म्हणाली. "तुझ्या मानाने तर फारच."

काय करणार? घट्ट धर, असं मला फोल्कर्टने सांगितलं होतं. पण दादाला जाळणाऱ्याचं मी कशाला ऐकू? मी अंग सैल सोडलं. जुन्या लाकडाला गारठ्यात एवढं पुरतं.

कट्!

बटण खाली पडलं. माझा एक पाय तिकडे, एक इकडे, स्प्रिंग कुठे गेली देव जाणे. गाडीखाली धो धो आवाज सुरू झाला.

"मी काही केलं नाही!" ओन्नो ओरडला. चहा सगळा त्याच्या मांडीवर. "वहिनी, शपथ, मी नुसता बसलो होतो!"

दोघे बाहेर धावले, पोटावर पडून गाडीखाली पाहू लागले. आत येऊन फळी उचलली. पडलेलं बटण पाहिलं, त्यातून निघालेली नळी पाहिली, माझा तुटलेला एक पाय पाहिला. इम्केला आधी उमगलं.

"बंबात पाणी होतं, ओन्नो. आज रात्री गोठलं असतं. सगळं फाटलं असतं."

"आणि मी चिमट्याला हात लावला नाही. दादाने लावलाय म्हणून."

"त्याने लावलेलं सगळंच शहाणपणाचं नसायचं. मला विचार." ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. ओन्नोने तिला टोपी दिली. रुमाल नव्हता. तिने टोपीत नाक शिंकरलं.

माझा एक पाय बंबामागे कुठेतरी पडला आहे, अजून सापडलेला नाही. दुसरा ओन्नोने फ्रीजच्या दारात अडकवला, म्हणजे दार फटीएवढं उघडं राहावं आणि आत वास धरू नये. हिवाळाभर मी तिथे होतो. काही धरायचं नाही, काही दाबायचं नाही. फक्त मध्ये उभं राहायचं.

वसंतात इम्केने दार उघडलं, आत डोकं घातलं आणि नाकाने हुंगलं. "मीठ आणि तुझे बूट. बाकी काही नाही. चल."

आता आम्ही डेन्मार्कच्या किनाऱ्यावर आहोत. वारा सुटला आहे. शेगडीतले कोळसे वाटेत भिजले आणि काही केल्या पेटत नाहीत. सॉसेज ताटलीत थंड पडली आहेत.

"काहीतरी कोरडं बघ ना रे," इम्के म्हणाली.

ओन्नो गाडीत गेला, फ्रीज चालू करायला मला दारातून काढलं आणि हातात घेऊन बाहेर आला. बोटांत फिरवत उभा राहिला. "हा नको, वहिनी. हा त्या दिवशीचा आहे."

टाक रे, मी म्हटलं. नेहमीसारखंच, ऐकू कोणाला गेलं असेल?

इम्केने नुसता शेगडीकडे हात केला. त्याने मला कोळशांवर ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. वाऱ्याला पाठ करून दोघे वाकले आणि ओन्नोने काडी ओढली. त्या कोरड्या गाडीत मी हिवाळाभर इतका छान सुकलो होतो, की पहिल्याच काडीला पेटलो.